तुम्ही विचारलंत म्हणून : भिंतीवरचे लाल अंगठे

घरी आलेला माणूस चहाचा कप हातात घेतो, भिंतीकडे बघतो आणि हमखास विचारतो, ‘हे चिनी काय टांगलंय? पत्रिका आहे का कुणाची?’

पत्रिका नाही. करारनामा आहे, आणि त्याखाली लाल अंगठे. मूळ कागद बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, माझ्याकडे प्रिंट.

गावाचं नाव श्याओगांग, आन्ह्वेइ प्रांतातल्या फंगयांग तालुक्यातलं. मिंग घराण्याचा पहिला सम्राट याच तालुक्याचा. पण फंगयांगची खरी ओळख सम्राटामुळे नाही, ढोलकी वाजवत दारोदार भीक मागणाऱ्यांमुळे. दुष्काळ पडला की घराला कडी घालून निघायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. १९५८ नंतर कम्यून आले. सगळी जमीन एकत्र, घंटा झाली की शेतावर, दिवसाच्या कामाचे गुण वहीत. मर मर राबणारा आणि बांधावर टेकलेला, दोघांच्या ताटात जवळपास तेवढंच. त्यानंतरच्या महादुष्काळाने या भागात किती घरं रिकामी केली ते इथे लिहीत नाही. लिहायला बसलो की हात थांबतो.

१९७८ साली आन्ह्वेइत पुन्हा मोठा दुष्काळ. त्या हिवाळ्यात एका रात्री अठरा घरांची कर्ती माणसं एका झोपडीत जमली आणि जमीन घराघरात वाटून घ्यायची ठरली. हा तेव्हा गुन्हाच होता. यान होंगछांग हा कम्यूनमधल्या त्यांच्या शेती-गटाचा उपप्रमुख लिहायला बसला.

माझं चिनी अर्धंकच्चं आहे, पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला दोन वर्षं जाऊन जमलं तेवढंच. तरी हा कागद मला वाचता आला, कारण तो लिहिणाराही माझ्यासारखाच चुकतो. ‘पुन्हा सरकारपुढे पैशासाठी, धान्यासाठी हात पसरणार नाही’ या वाक्यातल्या ‘पुन्हा’च्या जागी त्याने दुसरंच अक्षर काढलंय. उच्चार तोच, अर्थ भलता. चिनीत तुरुंगात ‘बसतात’. याने ‘बसणं’ लिहिताना ‘करणं’चं अक्षर घातलंय. सगळ्यात माझी आवडती चूक पुढची. ‘तुरुंगात गेलो, मान कापली गेली तरी गोड मानून घेऊ’ असं त्याला म्हणायचंय. चिनीतही त्या शब्दात ‘गोड’ आहे आणि ‘मन’ आहे. यानने ‘गोड’ऐवजी जे अक्षर लिहिलंय, त्याचा एक अर्थ ‘कोरडं’. कोरड्या मनाने मान देऊ! वर्गात हा कागद नेला तेव्हा बाईंनी सवयीने पेन्सिल उचलली आणि न टेकवता परत ठेवली.

आमच्याकडे अंगठाबहाद्दर ही शिवी आहे. माझ्या आजोबांचा अंगठा एका खरेदीखतावर आहे, निळ्या शाईतला, आणि वडील ते कागद पाहुण्यांसमोर कधी काढत नसत. मी हे लाल अंगठे दिवाणखान्यात लावलेत, त्याला तेही एक कारण असावं.

पुढचं भाषणांत असतं. सरकारचं द्यायचं, गटाचं ठेवायचं, उरेल ते आपलं. १९७९ चं धान्य ६६ टनांच्या आसपास निघालं, १९६६ ते १९७० या पाच वर्षांच्या एकूण पिकाएवढं, असं सांगतात. प्रांताचे पक्षसचिव वान ली पाठीशी उभे राहिले. १९८२ पर्यंत ही पद्धत देशाचं धोरण झाली, मग कम्यूनही गेले. मालकी मात्र आजही शेतकऱ्याच्या नावावर नाही, फक्त कसण्याचा हक्क. आणि श्याओगांगच पहिलं, असंही नाही. त्याच प्रांतात फेइशी तालुक्यात काही गावांनी त्याच वर्षी वाटणी सुरू केली होती. श्याओगांगची एका रात्रीत पोटाची सोय झाली, पण श्रीमंतीचा उंबरठा वीस वर्षं ओलांडता आला नाही, असं तिथलेच लोक म्हणतात.

हे सगळं खरं असलं तरी मी कागद लावलाय तो शेवटच्या ओळीसाठी. जमिनीबद्दल नाही ती. पुढाकार घेणाऱ्यांना काही झालं, तर त्यांची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. ज्यांच्या स्वतःच्या घरात पेजेला दाणा नव्हता, त्यांनी दुसऱ्याची पोरं पोसण्याचा अंगठा दिला. आर्थिक सुधारणेचा इतिहास सांगणारे ही ओळ घाईत उरकतात, त्याचा मला राग येतो.

कोणी तुरुंगात गेलं नाही. त्या हिवाळ्यात तिथे जन्मलेलं मूल १९९६ च्या हिवाळ्यात अठराचं झालं असेल, आपल्याच घरच्या भातावर.