पाण्यातली मोटार पाण्यात बुडाली : दुकान आणि गाडीच्या विम्याचा माझा अनुभव

मराठवाड्यात विमा म्हटलं की पीकविमाच. एक रुपयातला बंद झाला, आता हप्ता किती, आपलं महसूल मंडळ भरपाईत बसलं का, खात्यावर पैसे पडले का, चर्चा त्याचीच. दुकानाचा विमा बँकेने गळ्यात घातलेला आणि गाडीचा पोलिसाला दाखवण्यापुरता, असंच आमच्या बाजारपेठेतले बहुतेक जण धरून चालतात. सप्टेंबर 2025 च्या पुरात सिंदफणा नदी बाजारात शिरली आणि माझं दुकान, गाडी दोन्ही एकाच रात्रीत पाण्याखाली गेलं. पुढचे काही महिने दोन वेगवेगळे क्लेम मी एकट्याने ओढले. ओळखीचे व्यापारी अजूनही फोन करून विचारतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

दुकान पंपसेट आणि इलेक्ट्रिकलचं. सबमर्सिबल, ओपनवेल, स्टार्टर, पॅनल, केबल, पाइप. शटर उघडलं तेव्हा पाणी ओसरलेलं होतं, पण खालच्या दोन फळ्यांवर गाळ बसलेला. कामावरची पोरं लगेच फावडी घेऊन आली. त्यांना थांबवलं. आधी प्रत्येक फळीचे फोटो काढले, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला टेप लावून तिचाही फोटो घेतला, मग कंपनीच्या टोल फ्रीवर दोन्ही क्लेम नोंदवले आणि क्लेम नंबर कागदावर लिहून घेतले. एजंट म्हणाला होता, "शेठ, आधी साफसफाई करा, मी नंतर बघतो." असं कधीच करू नये. माल धुऊन पुसून ठेवला तर सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान मोजायला येणाऱ्या माणसाला, दाखवायचं काय? नुकसान वाढू नये म्हणून ओला माल कोरड्या जागी हलवायला हरकत नाही, पण फोटो काढून, आणि फेकून तर काहीच द्यायचं नाही.

गाडीचं आधी सांगतो, कारण ते लवकर मिटलं. गाडी गल्लीत उभी होती, पाणी डॅशबोर्डपर्यंत आलेलं. तिला हात न लावता टोचन करून बीडच्या वर्कशॉपला नेली. शेजारच्या कापड दुकानदाराने मात्र पाणी उतरल्यावर चावी फिरवली. इंजिनात पाणी गेलेलं असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान पुराने झालं नाही, तुमच्या चावी फिरवण्याने झालं, असं कंपनी म्हणते. इंजिन प्रोटेक्टचं जादा कलम घेतलेलं असेल तर तेही मिळतं, त्याच्याकडे ते नव्हतं. पलीकडच्या टेम्पोवाल्याकडे तर नुसता थर्ड पार्टी होता. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे तो एवढाच. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं काही झालं तर तो कामाला येतो, तुमची स्वतःची गाडी बुडाली तर त्यातून रुपयाही मिळत नाही.

माझ्या पॉलिसीत झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कलम, नव्हतं, त्यामुळे घसारा बसला. प्लास्टिक, रबर आणि बॅटरीचे निम्मेच पैसे, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात. गाडीला तीन वर्षं उलटून गेली होती, म्हणून 25 टक्के. वर्कशॉपचा माणूस हळूच म्हणाला, "टोटलमध्ये घालू का?" दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, आणि एस्टिमेट फुगवून तिथवर न्यायला वर्कशॉपला फार वेळ लागत नाही. मी नको म्हटलं. आयडीव्हीच्या पैशात तशी गाडी बाजारात मिळाली नसती. एक गोष्ट मात्र नीट तपासली. एस्टिमेट निघालं तेव्हा काही सुट्या भागांवर 28 टक्के जीएसटी लावलेला होता, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 वर आला. बिल त्यानंतरचं, म्हणून दर नवा लावून घेतला. घसाऱ्याचा भाग माझ्याच खिशातून जाणार होता, तेव्हा मलाही तेवढा फरक पडलाच. त्याच तारखेपासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र "विम्यावरचा टॅक्स गेला" असा सरसकट निरोप फिरला, आणि रिन्यूअलला गाडी-दुकानाच्या हप्त्यावर 18 टक्के बघून लोक एजंटशी भांडले. एजंटचा त्यात काही दोष नव्हता.

खरी लढाई दुकानाची.

नियम कागदावर चांगला आहे. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा, आणि अहवाल हातात आल्यापासून कंपनीने 7 दिवसांत निर्णय द्यायचा. कागदपत्रं अपुरी म्हणून क्लेम नाकारायचा नाही, हेही त्यात आहे. प्रत्यक्षात त्या पंधरवड्यात बीड, धाराशिव, लातूर, सोलापूर, सगळीकडूनच क्लेम पडले होते आणि सर्व्हेअर मोजके. आमच्याकडे आले ते पुण्याहून. माणूस तिरसट नव्हता, पण दमलेला दिसत होता. आत आल्या आल्या त्यांनी गाळात अर्धी रुतलेली पेटी बघितली आणि विचारलं, "सबमर्सिबल ना ही? ही तर पाण्यातच चालते. मग हिचं नुकसान कसं धरू?"

मागे उभी असलेली पोरं फिसकन हसली. मला मात्र घाम फुटला, कारण प्रश्न वरकरणी बरोबर होता. मी एक पंप त्यांच्यासमोर उघडला. आतल्या कप्प्यांत गाळ बसून पाणी ढकलणारा इंपेलर हाताने फिरेना. पुठ्ठ्याच्या पेटीचा लगदा झालेला. म्हटलं, "साहेब, मोटार बोअरमध्ये जाते ती नवी, साफ पाण्यात. ही अशी पेटीविना गाळाने माखलेली शेतकरी घेईल का? तुम्ही घ्याल का?" ते म्हणाले, "बोलून उपयोग नाही, कागद द्या." तेव्हा कळलं की सर्व्हेअरला पटून भागत नाही, त्याला अहवालात जोडायला काहीतरी लागतं. डिस्ट्रिब्युटरकडून लेटरहेडवर पत्र आणलं की पुराच्या पाण्यात बुडालेल्या मालाला वॉरंटी मिळणार नाही. त्या एका पत्रावर मोटारींचं नुकसान शून्यावरून किमतीच्या 40 टक्क्यांवर आलं. स्टार्टर, पॅनल, कपॅसिटर पूर्ण धरले. केबलच्या कॉइलला फक्त धुण्या-पुसण्याचा खर्च. पाइपांना काहीच नाही, आणि ते बरोबरच होतं.

पावसाचा पुरावा मागितला तेव्हा वेगळीच गंमत झाली. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. महावेधची, म्हणजे मंडळातल्या हवामान केंद्राची, नोंद काढली तर आमच्या मंडळाचा त्या दिवशीचा आकडा तेवढा नव्हताच. पाणी वरून, पाटोद्याच्या अंगाने आलेलं. नुसता तो आकडा फाइलला लागला असता तर फाइल तिथेच अडकली असती. पण पॉलिसीत लिहिलंय पूर आणि पाणी शिरणं, अतिवृष्टी नाही. म्हणून तहसीलमधून नदीला पूर येऊन बाजारपेठेत पाणी शिरल्याचं पत्र घेतलं आणि पंचनाम्याची नक्कल त्याला जोडली. तलाठी बिचारा शेतांच्या पंचनाम्यांत बुडालेला, त्याच्या मागे मोटारसायकलवर बसून शिवार फिरलो तेव्हा सही मिळाली.

सॅल्व्हेजचं म्हणजे खराब मालाच्या उरलेल्या किमतीचंही असंच. सर्व्हेअरने तांब्याचा भाव धरून बराच आकडा लावला होता. जालन्याच्या भंगारवाल्यांकडून लेखी भाव आणले, कारण स्टार्टरमध्ये तांबं नावालाच असतं. आकडा खाली आला.

मग ज्याची भीती होती तेच झालं. कंपनीचं पत्र आलं, नुकसान 6 लाख 40 हजार मान्य, पण विमा कमी काढलेला असल्याने त्याच प्रमाणात कपात. बहुतेक दुकानदारांना इथेच मार बसतो, म्हणून जरा फोड करून सांगतो. आमची पॉलिसी सीसी लिमिटसाठी, म्हणजे मालावर मिळणाऱ्या कॅश क्रेडिट कर्जासाठी, बँकेने काढायला लावलेली, भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची. विमा रक्कम 20 लाख. सर्व्हेअरने टॅलीवरून, म्हणजे दुकानाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवरून, मार्चचा शिल्लक माल, अधिक खरेदी, वजा विक्री असा हिशोब मांडून त्या दिवशीचा माल 25 लाख 10 हजार काढला. 25 लाखांचा माल आणि 20 लाखांचा विमा, म्हणजे उरलेल्या पाच लाखांची विमा कंपनी तुम्हीच, असा त्यांचा हिशोब. त्यामुळे दर शंभर रुपयांच्या नुकसानीत जवळपास 80 च मिळणार. सव्वा लाखाच्या वर फटका.

मात्र याच पॉलिसीत एक सूट आहे. विमा 15 टक्क्यांपर्यंत कमी असेल तर ही कपात करायची नाही. मी टॅली पुन्हा उघडली. 25 लाख 10 हजारांत बायपासच्या गोडाऊनमधला 2 लाख 40 हजारांचा पाइपही धरलेला होता. ते गोडाऊन उंचावर, तिथे पाणी गेलंच नाही, आणि मुख्य म्हणजे तो पत्ता पॉलिसीत नाहीच. ज्या जागेचा विमा नाही, तिथला माल जोखमीत कसा मोजायचा? तो वजा केला की दुकानातला माल 22 लाख 70 हजार, आणि तूट 12 टक्क्यांच्या आत. मालवाहतुकीच्या ई-वे बिलांवर पाइप उतरवल्याचा पत्ता गोडाऊनचा होता, भाड्याचा करार होता. दोन्ही जोडून ईमेल केला. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर सगळेच "बघतो साहेब" म्हणतात.

शाखेतून उत्तर येईना, म्हणून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली. दरम्यान एजंटने डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे क्लेम मिटल्याची पावती, पाठवलं, "सही करा, कापलेले का होईना पैसे पडतील, बाकीचं नंतर बघू." त्यावर पूर्ण आणि अंतिम असे शब्द होते. अशा व्हाउचरवर सही केली म्हणून ग्राहकाचा पुढे दाद मागायचा हक्क जात नाही, असं नियामकाने कंपन्यांना बजावलेलं आहे. तरी सही करून मग वाद घालत बसण्यात मला रस नव्हता. मी ते तसंच ठेवलं आणि पुण्याच्या विमा लोकपालांसाठी अर्ज लिहायला घेतला. मराठवाडा पुण्याच्याच कार्यालयाखाली येतो. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही की तिथे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही.

अर्ज टपालात टाकायची वेळ आली नाही. सर्व्हेअरकडून जोड अहवाल मागवला गेला, गोडाऊनचा माल वगळला आणि कपात रद्द झाली. सॅल्व्हेज, पॉलिसीतली ठरलेली वजावट आणि क्लेममुळे घटलेली विमा रक्कम पुन्हा भरून घेण्याचा हप्ता गेला, बाकीचे मिळाले. पैसे माझ्या हातात नाही, थेट सीसी खात्यात पडले, कारण पॉलिसीवर बँकेचं नाव. व्याजाचा भार कमी झाला हे खरं, पण नवा माल भरायला त्यातूनच परत उचल करावी लागली.

यंदा रिन्यूअलला विमा रक्कम सीझनमधल्या सगळ्यात जास्त स्टॉकवर धरली आणि गोडाऊनचा पत्ताही घातला. हप्ता वाढला, पण त्या सव्वा लाखापुढे काहीच नाही. दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट आता जागेप्रमाणे वेगळं काढतो, बँकेच्या साहेबांना ते आवडत नाही. कापड दुकानदाराच्या इंजिनाचं प्रकरण पुण्याला लोकपालांकडे गेलंय. त्याचं म्हणणं, चावी फिरवण्याआधीच इंजिनात पाणी होतं, ते उतरवून साफ करण्याचा खर्च तरी पुराचाच धरा. त्याला वर्कशॉपकडून इंजिन खोलतानाचे फोटो आणि जॉब कार्ड काढून घ्यायला सांगितलंय.