इओसिनोफिल वाढले म्हणून अ‍ॅलर्जीच असं नाही, माझा अनुभव

आमची गिरणाऱ्याकडे टोमॅटोची शेती, पावसाळ्यात चिखलात अनवाणीच काम चालतं. पाऊस सरता सरता पोटात मुरडा येऊन दुखायला लागलं, जिना चढला तरी दम लागायचा. नाशिकमध्ये गंगापूर रोडला डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, करायला लावलं. हिमोग्लोबिन कमी आणि इओसिनोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) 18 टक्के, नॉर्मल साधारण 1 ते 6 असतात. घरचे म्हणाले अ‍ॅलर्जी असेल, मेडिकलमधून गोळी आण. डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं, आधी संडासची तपासणी करा, कारण स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक जंत असतो, तो पोटात असताना अ‍ॅलर्जीवर म्हणून स्टेरॉइड घेतलं तर अंगभर पसरून जिवावर बेतू शकतं.

पहिल्या सॅम्पलमध्ये काहीच नाही. अंडी दरवेळी सापडतातच असं नसतं म्हणून वेगळ्या दिवशी परत ताजं सॅम्पल दिलं, त्यात हुकवर्म नावाच्या जंताची अंडी निघाली. याच्या अळ्या मातीतून पायाच्या कातडीतून शिरतात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात येऊन गिळल्या जातात आणि आतड्यात चिकटून रक्त पितात.

डॉक्टरांनी पुढे जे सांगितलं ते मला फार भारी वाटलं. आतड्याच्या अस्तरात टफ्ट सेल म्हणून पेशी असतात, त्यांना जंताचा सुगावा लागतो (हे उंदरांवरच्या प्रयोगांत 2016 मध्ये पुढे आलं), त्या आयएल-25 नावाचं निरोप देणारं प्रथिन सोडतात, त्याने दुसऱ्या पेशी जाग्या होऊन आयएल-13 हे तसंच दुसरं प्रथिन सोडतात, मग आतड्यात चिकट म्यूकस वाढतो, पाणी सुटतं, स्नायू जोरात आवळतात, जंताला धरून राहताच येऊ नये असा सगळा खटाटोप. इओसिनोफिल वाढतात तेही याच लढाईत. ही सगळी एक प्रकारची सूजच. सूज म्हटलं की आपण ती उतरवायलाच बघतो, पण इथे तीच जंताला बाहेर ढकलत असते!

मग जंताची गोळी कशाला, विचारलं मी. तर उंदरात काही जंत असे आपोआप निघून जातात, पण माणसातला हुकवर्म शरीराचा प्रतिकार दाबणारे पदार्थ सोडतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून अल्बेंडाझोल 400 एमजी, सोबत लोहाच्या गोळ्या. घरच्यांनाही तपासायला सांगितलं.

दम लागणं हळूहळू कमी झालं, इओसिनोफिल उतरायला मात्र वेळ लागला. आता शेतात सगळ्यांना गमबूट आणलेत, मजुरांनाही.