वरणभाताचा तास

आमच्या वर्गात सगळ्यात अवघड तास असतो मधल्या सुट्टीचा. बाकीच्या शाळेत डबे वाजायला लागतात, पोरं मैदानात पळतात, आणि आमच्याकडे तेव्हा खरी शाळा सुरू होते.

मी सांगलीजवळच्या एका विशेष शाळेत मदतनीस आहे. वर्ग बहुविकलांग मुलांचा. बहुतेकांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने अंगावर ताबा नसणं; कुणाला त्याबरोबर फिट्स, कुणाला दिसत नाही. मुलगे मोठे झाले की मावशींना त्यांना उचलणं झेपत नाही, आणि बाथरूमला बाई बरोबर असणं त्या मुलांनाही नको असतं. म्हणून शाळेने पुरुष माणूस शोधला. मी आधी एका दवाखान्यात वॉर्डबॉय होतो. इथे मुलं आणि पालक, सगळेच दादा म्हणतात.

तर जेवण. सेरेब्रल पाल्सीत हातापायांच्या स्नायूंवर जसा ताबा नसतो, तसा बऱ्याच मुलांचा जिभेवर आणि घशावरही नसतो. घरी आई काय करते? मांडीवर आडवं घेते, डोकं मागे करते, वरणभात पातळ करून चमच्याने आत सोडते. तिला कुणी दुसरं काही दाखवलेलंच नसतं, आणि पोटात चार घास गेले पाहिजेत हीच तिची काळजी असते. पण मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट उघडी राहते आणि घास तिकडे उतरू शकतो. काही मुलांना तर ठसकाही लागत नाही. नुसती सारखी छाती भरते, ताप येतो, आणि आईला वाटतं हवा बदलली.

आमच्याकडे येणाऱ्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी (त्या बोलण्याबरोबर गिळण्याचंही बघतात) मला हे हाताला धरून शिकवलं. मूल ताठ बसवायचं, पाय टेकलेले हवेत, हनुवटी किंचित खाली. आपण उभं राहून भरवायचं नाही, कारण मग ते मान वर करून आपल्याकडे बघतं. स्टुलावर त्याच्या डोळ्यांच्या पातळीत बसायचं. चमचा उथळ, समोरून आणि खालून आणायचा. दात आवळले गेले तर चमचा ओढायचा नाही, जबडा आपोआप सैल होईपर्यंत थांबायचं. एक घास गिळून झाल्याशिवाय दुसरा नाही. आणि वरण पातळ करायचं नाही! पाणी, ताक, पातळ वरण घशात झटकन उतरतं, मुलाला गिळायची तयारी करायला वेळच मिळत नाही. किती घट्ट, ते प्रत्येक मुलाचं वेगळं असतं आणि मॅडम ठरवून देतात. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही.

वाचायला दोन मिनिटं लागतात. करायला एका मुलामागे अर्धा-पाऊण तास जातो. मला ह्या कामाबद्दल एकच सांगायचं आहे, की तो वेळ वाया जात नाही. शिकणं तिथेच होतं.

आमच्या वर्गात एक सतरा वर्षांचा मुलगा आहे. आम्ही सगळे त्याला लाडाने राजा म्हणतो. बोलता येत नाही, हात कह्यात नाहीत, पण समजतं सगळं. डोळे वर केले की 'हो', तोंड मिटून मान वळवली की 'नाही'. त्याची फळ्यावरची प्रगती विचाराल तर लिहायला फारसं काही नाही. पण आधी भाजी की आधी भात, हे तो ठरवतो. मी दोन्ही चमचे त्याच्या समोर धरतो आणि तो ज्याच्याकडे बघेल तो घास देतो. आधी वर्गाच्या शिक्षिका, आमच्या ताई, खऱ्या चमच्यांवर हे करायच्या, मग फोटोंवर, आता त्याच्या व्हीलचेअरच्या ट्रेवर चित्रांचा तक्ता आहे. पाणी, बाथरूम, दुखतंय, गाणी लाव, पुरे. 'पुरे'कडे तो ज्या ठामपणे बघतो, ते बघण्यासारखं असतं.

बाथरूमचंही तेच. आधी व्हीलचेअरचे ब्रेक, मग फूटरेस्ट बाजूला, माझे गुडघे वाकलेले, पाठ सरळ. एक, दोन म्हणतो आणि तीनला तो स्वतः पुढे झुकतो. तेवढंच त्याला जमतं, पण ते तोच करतो. गठुळं उचलावं तसं काही न सांगता उचललं, तर त्याचं अंग ताठ होतं आणि दोघांनाही त्रास होतो. दार लावायचं. काय करतोय ते आधी सांगायचं. सतरा वर्षांच्या मुलाला लाज असते, बोलता येवो न येवो.

फिट्सबद्दलही लिहून ठेवतो, कारण गावाकडे अजून चप्पल आणि कांदा हुंगवतात. त्याने काही होत नाही. कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि मुलाला लागेल तो आधार शाळेने द्यावा असंही म्हटलं. ताईंना विशेष शिक्षणाची पदवी किंवा पदविका लागते, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र कामावर घेताना फक्त वजन उचलता येतं का, एवढंच विचारलं होतं. मॅडम भेटल्या म्हणून मी शिकलो. ज्या शाळेत अशा मॅडम येत नाहीत, तिथले मदतनीस कुणाकडून शिकणार? मुलाच्या घशाशी रोज ज्याचा हात जातो, त्याला शिकवून मगच वर्गात पाठवलं पाहिजे. ह्यावर मी गप्प बसणार नाही.

राजा पुढच्या वर्षी अठराचा होईल. मोठ्या मुलांसाठी हाताचं काम शिकवणाऱ्या कार्यशाळा आहेत, पण तिथे बहुतेक ठिकाणी स्वतःचं स्वतः आवरता यावं लागतं. म्हणजे तो घरी राहणार. वडील नाहीत, आईची पाठ आताच गेली आहे. म्हणून हल्ली शनिवारी त्याच्या धाकट्या भावाला शाळेत बोलावतो. नववीतला पोरगा, सुरुवातीला लांबच उभा राहायचा. परवा त्याने डबा उघडला आणि उभ्या उभ्याच घास पुढे केला. मी काही बोलायच्या आत राजाने तोंड मिटून मान वळवली. भावाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि स्टूल ओढून घेतलं.

भरवणं त्याला जमेल. राहिलंय ते खुर्चीतून पलंगावर घेणं, आणि त्यासाठी त्यांच्या घरचा पलंग किती उंच आहे ते बघायला हवं. ह्या रविवारी जाऊन येतो.