टोकियो–लॉस एंजेलिस: तिकिटातला घोळ आणि दोऱ्याचं माप

तिकिटावर लिहिलं होतं: टोकियोहून सोमवारी संध्याकाळी ५ ला सुटणार, लॉस एंजेलिसला सोमवारीच सकाळी १० ला पोचणार. म्हणजे निघायच्या सात तास आधी! मी तर छपाईची चूकच धरून चालले होते. अख्खा पॅसिफिक ओलांडायचा म्हटल्यावर मंगळवार उजाडणारच, अशा हिशेबाने हॉटेलही मंगळवारपासूनचं घेऊन ठेवलं होतं.

मग कागद घेऊन बसले. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात, त्यांची थेट वजाबाकी चालत नाही, ही साधी गोष्ट डोक्यातच आली नव्हती. टोकियो यूटीसीच्या (जगाच्या प्रमाण वेळेच्या) ९ तास पुढे, लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे. फरक १७ तासांचा. टोकियोत सोमवारी संध्याकाळचे ५ होतात तेव्हा तिकडे रविवार संपून रात्रीचे १२ वाजत असतात. १२ ते १०, प्रवास १० तासांचा. (उन्हाळ्यात तिकडची घड्याळं एक तास पुढे सरकतात, जपानची नाही, तेव्हा फरक १६.) हॉटेलची तारीख मुकाट्याने बदलली.

अंतर मात्र पटेना. दोन्ही शहरं जवळपास ३५ अंश अक्षांशावर, तेव्हा सरळ पूर्वेला जायचं, असं नकाशा सांगतो. त्या रेषेने सुमारे ९,३०० किमी होतात, आणि हवाई अंतर मात्र सगळीकडे ८,८०० दिलेलं. शेवटी कपाटावरचा पृथ्वीगोल पुसून खाली घेतला, ३० सेंमी व्यासाचा. दोऱ्याचं एक टोक टोकियोवर अंगठ्याने दाबलं, दुसरं ताणून धरलं. दोरा अक्षांशाच्या रेघेवर राहीचना! घसरत वर गेला, अलास्काकडच्या अल्यूशियन बेटांच्या खालून, थेट ४८ अंशांपर्यंत. पट्टीला लावला तर पावणेएकवीस सेंमी. अशा गोलावर १ सेंमी म्हणजे साधारण ४२५ किमी. गुणाकार आला जवळपास ८,८१९. इतका आनंद मला शाळेत कधी गणिताने दिला नव्हता.

विमानं अगदी त्या दोऱ्यावरून जातात असंही नाही. तिथे वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात तर फारच. त्याचा अंदाज घेऊन मार्ग ठरतो. जाताना समोरच्या स्क्रीनवर वेग १,१०० किमीच्या आसपास दिसत होता.

परतीला सोमवारी दुपारी १ ला निघून टोकियोत मंगळवारी संध्याकाळी ६. या वेळी १७ आधीच मिळवून ठेवले होते: १२ तास. तेच अंतर, दोन तास जास्त. स्क्रीनवर आकडा ८०० च्या वर जायला तयार नव्हता, आणि मी उगाचच दर दहा मिनिटांनी तो बघत होते.