बर्फाचे आकडे चिऱ्यावर चालत नाहीत: पावसातल्या रानवाटा आणि माउंटन बाईक

पावसाळ्यात रानात सायकल न्यायची म्हटलं की बरेच जण आधी थंड देशांतल्या बर्फाळ जंगलवाटांचे व्हिडिओ बघतात आणि तिथले आकडे उचलतात. ४ ते ५ इंच रुंद टायर, त्यात जेमतेम ५ ते ८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा. बर्फात हे बरोबरच आहे. ताजा बर्फ पोकळ असतो, त्यामुळे वजन जितकं पसरेल तितकं चाक वर राहतं. आपल्या गोव्यातल्या सत्तरी-सांग्यात मात्र वर दोन-तीन बोटं तांबडा चिखल आणि खाली कडक चिरा, म्हणजे जांभा दगड. इथं चाक चिखलावर तरंगलं की घसरलंच. ते चिखल कापून खालच्या चिऱ्याला भिडायला हवं. म्हणून टायर २.२ ते २.४ इंचांचाच बरा, गुट्टे (टायरवरचे रबरी उंचवटे) उंच आणि एकमेकांपासून लांब असलेला. गुट्टे दाट असतील तर मधल्या फटी चिखलाने भरतात आणि टायर गुळगुळीत होतो.

हवा कमी ठेवायची हा नियम इथंही लागू आहे, पण बर्फाइतकी नाही. सामानासकट ७० किलो वजन आणि २.३ इंची ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर असेल तर पुढे २० ते २१, मागे २३ ते २४ पीएसआयपासून सुरुवात करा. वजन १० किलोंनी वाढलं तर एक-दोन पीएसआय वाढवा. ट्यूब असेल तर २८-३०च्या खाली जाऊ नका. चिऱ्याच्या धारदार कडेवर टायर दबून रिमला टेकतो, ट्यूब मधे चेपते आणि तिला शेजारी-शेजारी दोन छेद पडतात. मोठ्या पंपावरचा काटा एवढ्या कमी दाबाला भरवशाचा नसतो. वेगळा डिजिटल गेज घ्याच.

ट्यूबलेसमधला सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात आटतो. मृग लागायच्या आधी चाक काढून कानाशी हलवून बघा. आत पातळ हिंदकळल्याचा आवाज आला नाही तर टायर उघडून सुकलेला चोथा काढा आणि नवा सीलंट भरा. २९ इंची चाकाला सुमारे १०० मिली लागतो.

आता खरा मुद्दा, चिरा ओळखण्याचा. चिखलाला लोक उगाच घाबरतात; आडवं करतं ते शेवाळ. नुकताच उघडा पडलेला चिरा तांबडा, खरखरीत आणि भोकाभोकांचा असतो. तो ओलाचिंब असला तरी टायर धरतो. वर्षानुवर्षं पावसात भिजलेला चिरा काळपट होतो, त्याची भोकं बुजतात आणि श्रावणापर्यंत त्यावर बुळबुळीत थर चढतो. तोच दगड जूनच्या पहिल्या सरींत चालून जातो आणि ऑगस्टमध्ये पाडतो. त्यामुळे महिन्यापूर्वी सहज उतरलेली वाट तशीच असेल असं धरून चालू नका. नजर पुढच्या दहा-पंधरा मीटरांवर ठेवून नुसता रंग वाचायचा: तांबड्यावर ब्रेक, काळ्यावर काही नाही. काळ्या कातळावर ब्रेक नको, पेडल नको, हँडल वळवणं नको, सायकल कलवणंही नको. वेग काय तो आधीच कमी करून घ्या आणि सरळ निघून जा. वाटेत आडव्या आलेल्या मुळांचंही तेच. मूळ काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात तर पुढचं चाक मुळाच्या अंगाने घसरत जातं.

पावसात सायकलीचं सगळ्यात जास्त नुकसान करते ती चिऱ्याची बारीक रेव. ती पाण्याबरोबर ब्रेकची डिस्क आणि पॅड यांच्यामध्ये जाते आणि रेगमालासारखी घासते. रेझिनचे पॅड अशा वाटांवर एका लांबलचक दिवसात संपू शकतात. सिंटर्ड, म्हणजे धातूमिश्रित पॅड टिकतात. ओले झाले की ते किंचाळतात, पण ते चालवून घ्यावं. मात्र आधी डिस्क बघा. तिच्यावर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असेल तर सिंटर्ड पॅड घालू नका, ती डिस्क मऊ असते आणि लवकर झिजते. नवे पॅड कोरड्या रस्त्यावरच बसवून घ्या: ताशी वीसेक किलोमीटरचा वेग, चाक लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक, असं वीसेक वेळा. पॅडवरचा थर १ मिलिमीटरवर आला की बदला. एक जादा जोडी आणि पॅडची पिन काढायची ॲलन की पिशवीत असूद्या. व्ही-ब्रेकची (पॅड थेट रिमवर दाबणारी) सायकल या दिवसांत रानात नेऊच नये, रेव थेट रिमच कापते.

साखळीला पावसाळ्यासाठीचं वेट ल्यूब लावा. प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एक थेंब, पेडल उलटं फिरवायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी बाहेरून फडक्याने कोरडं पुसायचं. हे पुसणं बहुतेक जण टाळतात. वर राहिलेलं तेल रेव धरून ठेवतं. घरातलं खोबरेल किंवा गॅरेजमधलं इंजिन ऑइल नको. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला ठीक, पण ते ल्यूब नव्हे, आणि डिस्कच्या आसपास तर अजिबात मारू नका. झीज मोजायला पट्टी पुरते. साखळीच्या १२ पूर्ण कड्या, म्हणजे पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर, नवीन असताना ३०४.८ मिलिमीटर भरतं. मागे ११ किंवा १२ गिअर असलेल्या सायकलीला ते ३०६.३ झालं की साखळी बदला. आणखी ताणलीत तर कॅसेटही (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) जाते.

व्हाळ (ओढा) ओलांडताना पाणी हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या खाली असेल तरच सायकलवर बसून जा. त्याहून खोल असेल तर बेअरिंगमध्ये शिरतं, तेव्हा सायकल उचलून घ्या. पाणी अचानक तांबडं झालं, त्यातून पाचोळा-काटक्या येऊ लागल्या, तर वर घाटात सर कोसळली आहे. इथं ऊन असलं तरी पाणी वाढणार. अशा वेळी ओलांडू नका, थांबा.

म्हादई, मोले, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तिथं परवानगीशिवाय शिरता येत नाही, सायकल असो वा पायी. वन खात्याच्या कार्यालयात आधी विचारा. कुळागरातले (सुपारी-नारळाच्या बागेतले) पाट आणि शेताचे बांध यांवरून चाक न्यायचंच नाही. तिथली माती मऊ असते, एका चाकोरीतून पाणी फुटतं आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं. चिऱ्याचा सडा (सपाट माथा) कडक असतो, म्हणून मुसळधार पावसानंतर तीच वाट धरावी.

जळवांसाठी लांब मोजे आणि मिठाची पुरचुंडी. जळू सुटल्यावरही रक्त बराच वेळ वाहतं, घट्ट दाबून धरा. पाऊस गेल्यावर काळजी गोचिडांची. सत्तरीत २०१५पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत आणि तो गोचिडांतून पसरतो, तेव्हा कोरड्या दिवसांत रानातून आलात की अंग तपासा.

घरी आल्यावर चिखल ओला असतानाच बादली आणि ब्रशने धुवा. गाड्या धुवायचा जोराचा फवारा हेडसेट (हँडलखालची बेअरिंग), हब आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या आसाची बेअरिंग) मारू नका, सीलमधून पाणी आत ढकललं जातं. मग सीटपोस्टची (सीटच्या दांड्याची) उंची टेपने खुणावून सीटपोस्ट उपसून काढा आणि सायकल उलटी करा. सीटट्यूबमधून वाटीभर तांबडं पाणी येणं नवल नाही. रात्रभर तशीच ठेवा. अॅल्युमिनियमच्या पोस्टला परत बसवताना पातळ ग्रीस, कार्बनच्या पोस्टला मात्र कार्बन पेस्टच.