मणिकर्णचे गरम पाणी आणि शिवाजी पेठेतली लेकरे

कोल्हापुरातील एका सहल कंपनीत मी सहल व्यवस्थापक म्हणून काम करते. हिमाचलचा रस्ता मला पाठ आहे. परंतु दीड ते तीन वर्षांची सहा लेकरे, त्यांचे आईवडील आणि सत्तरी ओलांडलेली एक आजी अशी मंडळी जेव्हा मणिकर्णला न्यायची ठरली, तेव्हा छापील कार्यक्रमपत्रिका बाजूला ठेवूनच आखणीला बसावे लागले. सगळे शिवाजी पेठेतले आणि एकमेकांच्या नात्यातले. आग्रह आजींचा होता, ज्यांना घरात आणि पुढे बसमध्येही सगळे आक्का म्हणत. आक्कांचे गुडघे दुखत, नातवाच्या अंगावर वरचेवर पुरळ उठे, आणि अणुस्कुरा घाट उतरून राजापूरजवळच्या उन्हाळे गावी गरम झऱ्याखाली अंघोळ करून आल्यावर बरे वाटते, हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. तेव्हा हिमालयातले गरम पाणी त्याहून गुणकारी असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

उन्हाळे गावच्या पाण्यात माणूस उभा राहू शकतो, मणिकर्णच्या मूळ झऱ्यात तांदूळ शिजतो, हा फरक मी पेठेतल्या बैठकीतच सांगितला. साठ अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडी पाच-सहा सेकंदांत भाजते, लेकरांची कातडी पातळ असल्याने त्यांना तेवढाही वेळ लागत नाही. आणि भाजलेच तर हळद, तूप, टूथपेस्ट यांपैकी काहीही न लावता वीस मिनिटे नळाचे गार पाणी सोडत राहायचे, हे मी प्रत्येक आईकडून वदवून घेतले. आक्का गप्प बसून ऐकत होत्या. त्यांना ते पटले आहे, असे मात्र त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हते.

आयांची काळजी निराळी होती. उंचीवर लेकरांना श्वास घ्यायला त्रास होईल का, असे त्या विचारत होत्या. मणिकर्ण सुमारे 1,760 मीटर उंचीवर आहे आणि विरळ हवेचा त्रास साधारणपणे 2,500 मीटरच्या वर सुरू होतो, त्यामुळे ती भीती नव्हती. 3,978 मीटर उंचीची रोहतांग खिंड मात्र मी या सहलीतून काढून टाकली, त्यावर दोन बापांनी तोंडे पाडली. महिना मे ठरवला. पावसाळ्यात मी लहान मुलांना पार्वती खोऱ्यात नेत नाही. ऑगस्ट 2015 मध्ये मणिकर्णच्या गुरुद्वाऱ्यावर दरड कोसळून माणसे दगावली होती, आणि दरडीचा डोंगर अजून तिथेच आहे. मनालीत मुक्काम करून एका दिवसात मणिकर्ण उरकण्याची आमची नेहमीची पद्धतही मोडली, कारण जाऊन-येऊन सुमारे दीडशे किलोमीटरचा वळणावळणांचा रस्ता म्हणजे दोन-अडीच वर्षांच्या पोराच्या पोटाची परीक्षाच. मुक्काम चार किलोमीटरवरच्या कसोलला केला आणि शिवाय मणिकर्णमध्ये एका अतिथिगृहात दिवसभरासाठी दोन खोल्या घेतल्या. रात्री राहायचे नाही तर खोल्या कशाला, असा प्रश्न कार्यालयातून आला. लेकरांना झोपवायला आणि लंगोट बदलायला, असे मी कळवले.

त्या दिवशी गर्दीच्या आधी, सकाळी लवकरच आम्ही पूल ओलांडला. खाली बर्फाचे पाणी घेऊन पार्वती नदी खळाळत होती आणि तिच्या काठावरून, दगडांच्या फटींतून वाफेचे लोट वर येत होते. लेकरे त्या वाफेकडे बघून गारच झाली. गुरुद्वाऱ्यात चपला काढाव्या लागतात आणि डोके झाकावे लागते. डोक्याला बांधलेले रुमाल लेकरे ओढून काढत होती आणि आया पुन्हा बांधत होत्या. पण पायांची तयारी आधीच केलेली होती. आतली फरशी जागोजाग तापलेली असते, म्हणून प्रत्येकाला जाड लोकरीचे मोजे, एकावर एक दोन, घालायला लावले होते, आणि शक्यतो कडेवरच ठेवायचे असे ठरले होते.

ज्या कुंडात तांदूळ शिजवतात तिथे खरा प्रसंग घडला. भाविक कापडाच्या लहान पिशवीत तांदूळ किंवा हरभरे बांधून, लांब दोरीने ती पिशवी उकळत्या पाण्यात सोडतात आणि दोरीचे टोक धरून उभे राहतात. शेजारीच लंगरच्या डाळ-भाताची झाकणबंद भांडी त्याच पाण्यात ठेवलेली असतात. खाली जाळ नसतो. प्रत्येक लेकरामागे एक मोठा माणूस, आणि त्या माणसाच्या हातात दुसरे काहीही नाही, मोबाइलसुद्धा नाही, एवढा एकच नियम मी तिथे घातला होता. एका बापाच्या कडेवर असलेल्या पावणेदोन वर्षांच्या मुलीने पाय झाडला आणि तिचा पायातला सैल मोजा सुटून थेट कुंडात पडला. लाल मोजा पिशव्यांच्या मध्ये गरगर फिरू लागला. बाप तो उचलायला, घरी बादलीत पडलेली वस्तू काढावी तितक्या सहजपणे, पोरीसकट वाकला. मी शेजारीच होते. त्याच्या शर्टाची कॉलर आणि पोरीचा दंड एकदमच धरून मागे ओढले. शर्टाचे वरचे बटण तुटले, बाकी काही नाही. तिथल्या एका सेवेकऱ्याने काठीने मोजा बाहेर काढला आणि हसत दगडावर वाळत टाकला. नजर चुकली म्हणून बाप वाकला नव्हता, सवयीने वाकला होता. कठडा आणि पाटी यांचा सवयीपुढे काही उपयोग नसतो, म्हणूनच तिथे मी स्वतः मध्ये उभी राहते.

त्यानंतर मंडळी जरा हादरली होती, म्हणून सगळ्यांना बाजूला बसवले. त्याच बापाने, कदाचित विषय बदलावा म्हणून, खाली ज्वालामुखी आहे का असे विचारले. ज्वालामुखी नाही. पावसाचे आणि बर्फाचे पाणी खडकाच्या भेगांतून फार खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दाबामुळे दुसऱ्या भेगांतून वर येते. एवढ्या उंचीवर पाणी चौऱ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळत असल्याने झऱ्याचे पाणी उकळीच्या जवळ पोहोचलेले दिसते. आक्कांनी यावर पार्वतीच्या हरवलेल्या कर्णभूषणाची आणि ते रत्न पाण्याबरोबर वर फेकणाऱ्या शेषनागाची कथा सांगितली. मुलांना अर्थातच शेषनाग आवडला.

मग स्नानाचा प्रश्न आला. स्नानाची कुंडे स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळी आहेत आणि तिथले पाणी सोसवेल असे असते, पण ते मोठ्या माणसांना सोसवेल असे. मी नेहमीप्रमाणे बाळाच्या अंघोळीचा प्लॅस्टिकचा तापमापक पाण्यात धरला. तो बेचाळीसच्या पुढे गेला. लेकरांना सदतीस-अडतीस अंश पुरे होतात. त्यांचे शरीर लहान असल्याने गरम पाण्यात ते फार लवकर तापते, आणि गरगरते आहे हे त्यांना सांगता येत नाही. आक्कांनी तापमापकाकडे पाहिलेही नाही.

“देवाचं पाणी हाय पोरी. एक बुचकळी मारली तर काय हुतंय?”

सूनबाई माझ्याकडे बघत होत्या. सासूला नाही म्हणणे त्यांना शक्य नव्हते, आणि खरे तर ते माझेच काम होते. मी वाद घातला नाही. “आक्का, तुम्ही लेकरांना न्हाऊ घालता तसा आधी हात घालून बघा,” एवढेच म्हटले. त्या पायरीवर बसल्या, बाही वर केली आणि कोपर पाण्यात घातले. नातू सुनेच्या कडेवर टाळ्या वाजवत होता. कोपर बाहेर काढून त्यांनी पदराला पुसले.

“ह्याला इसण घातल्याबिगर लेकरू घालायचं न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि पुढे जणू हा निर्णय पहिल्यापासून त्यांचाच होता अशा आवाजात मला विचारले, “त्या खोलीत बादली हाय न्हवं?”

आक्कांनी स्वतः कुंडात पाय सोडून बसावे, पण दहा मिनिटांनी बाहेर यावे, असे मी सुचवले आणि त्यांनी ते मान्य केले. गुडघे शेकून त्या उठल्या तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता आणि मी दिलेले तांब्याभर पाणी त्यांनी एका दमात संपवले. अतिथिगृहाच्या न्हाणीघरात एका नळाला झऱ्याचे गरम पाणी होते आणि दुसऱ्याला गार. तिथला पुढचा तास आक्कांचा होता. गार पाणी आधी बादलीत, गरम नंतर, हे मला सांगावे लागले नाही. पाणी मनासारखे कोमट होईपर्यंत त्या कोपर घालून पाहत राहिल्या आणि मग नातवाला पाटावर बसवून पाठीवर तांब्याने धार सोडू लागल्या. कुतूहल म्हणून मी हळूच तापमापक बुडवला. साडेसदतीस. पाणी नाका-तोंडात जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा हात धरण्याची त्यांची पद्धत बघून बाकीच्या आयांनी आपापली लेकरे रांगेत आणली, आणि मोजा पडलेल्या मुलीपासून सगळ्यांची अंघोळ आक्कांनीच उरकली. पुरळ एका अंघोळीने जाणार नव्हते; त्यासाठी कोल्हापूरच्या डॉक्टरांचे मलम चालू ठेवायला मी सुनेला बाजूला घेऊन सांगितले.

लंगरमध्ये डाळ लेकरांना तिखट लागेल म्हणून घरून आणलेले मेतकूट आणि तुपाची बाटली बाहेर निघाली. भात तिथलाच, बाकी कोल्हापूरचे. जेवून सगळी पोरे त्या दोन खोल्यांत दुपारभर झोपली, आणि तेवढ्या वेळात आयाबापांनी पाळीपाळीने मंदिरे आणि बाजार पाहून घेतला.

परत आल्यावर हिशेब तपासताना मालकांनी त्या खोल्यांच्या भाड्याखाली पुन्हा लाल शाईची रेघ मारली. मी त्यांना आक्कांकडे फोन करायला सांगितले. फोन झाला, ती रक्कम आता लेकरे असलेल्या सहलींच्या अंदाजपत्रकात आधीपासूनच धरलेली असते.