रिव्हर्स गेला, गिअरबॉक्स नाही

माझ्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्ससाठी सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटवर आकडा होता 2,86,000 रुपये. मेकाट्रॉनिक युनिट (क्लच दाबणारी, गिअर बदलणारी यंत्रणा), क्लच पॅक (क्लचच्या प्लेटींचा संच), मजुरी, जीएसटी. वॉरंटी संपलेली. सल्लागार मुलगा अगदी नम्र, पण नेमकं काय बिघडलंय असं विचारलं की एकच उत्तर: "मॅडम, ड्युअल क्लचमध्ये पूर्ण असेंब्लीच बदलतात." एरर कोडचा प्रिंट मागितला, तर तो मिळेपर्यंत दुपार झाली.

आधी झटके सुरू झाले होते. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना धक्का बसायचा, आणि तोही गाडी गरम झाल्यावरच. सकाळी तक्रार करायला जावं तर गाडी शहाण्या मुलासारखी चालायची. मग एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गाडी मागे घ्यायला आर लावला आणि ती जागची हलेना. डिस्प्लेवर आर दिसतोय, इंजिन चालू आहे, मागे रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. शेवटी केळीवाल्यांनी ढकलून बाहेर काढून दिली. पुढे मात्र गेली, पण दुसरा गिअर गाळून थेट तिसऱ्यावर.

खरी खूण तिथेच होती. अशा सात गिअरच्या डीसीटीत, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, 1, 3, 5, 7 एका क्लचवर असतात. 2, 4, 6 आणि रिव्हर्स दुसऱ्यावर. सम गिअर आणि रिव्हर्स एकदमच रुसले, म्हणजे आतली दातेरी चाकं बहुधा ठीक असतात. दोष दुसऱ्या क्लचमध्ये, नाहीतर तो दाबणाऱ्या मेकाट्रॉनिकमध्ये. या दोन शक्यतांमध्ये लाखा-दीड लाखाचा फरक पडतो, आणि एस्टिमेटमध्ये दोन्ही एकत्र बांधून टाकल्या होत्या.

वेर्ण्याच्या बाजूला फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची कामं करणारं एक गॅरेज आहे, तिथे गेले. मेकॅनिकने लॅपटॉप जोडला, पण नुसते कोड वाचून थांबला नाही. गाडी चालू ठेवून तेलाचा दाब किती वेळ टिकतो, पंप सारखा सारखा सुरू होतो का, हे बघत बसला. दाब टिकत होता. दुसरा क्लच मात्र जवळजवळ शेवटच्या टोकाला जाऊन पकडत होता. "मेकाट्रॉनिक बरें आसा, बाय. प्लेटी संपल्या," तो म्हणाला.

गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर प्लेट हातात घेऊन बघितली. कडेला निळसर-काळे जळके डाग, आणि ब्रेक करपल्यावर येतो तसला वास. नवा पॅक नुसता बसवून भागत नाही. डायल गेजने अंतर मोजायचं, मिलिमीटरच्या दशांशात बसेल अशी शिम (अंतर भरणारी पातळ चकती) निवडायची, पुन्हा मोजायचं. मग स्कॅनरवरून अॅडॅप्टेशन, म्हणजे क्लच कुठे पकडतो हे कॉम्प्युटरला नव्याने शिकवणं. एवढं झाल्यावर पणजीत आल्तिनोच्या चढावर ट्रायल. बिल 92,000, त्यात 68,000 एकट्या पॅकचे.

फोंड्याला माझ्या भावाची गाडी याच इंजिनाची, पण मॅन्युअल. त्याची क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मिळून मजुरीसकट 15,000. सकाळी दिली, संध्याकाळी आणली, तीही कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून. तेव्हापासून तो मला ऐकवतोय. पण मॅन्युअल म्हणजे स्वस्तच असंही नाही: आमच्या भाओजींच्या डिझेल एसयूव्हीला क्लचबरोबर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे शोषणारं जड चाक) घालावं लागलं, तेव्हा त्यांचं बिल साठ हजारांवर गेलं होतं.

माझा क्लच जळाला तो फेरीच्या रांगेत, असं मेकॅनिकचं मत, आणि मला ते पटतं. मी चोडण बेटावरची. रायबंदरच्या धक्क्यावर उतारावर गाडी हात-हात पुढे सरकवायची, म्हणजे सतत हाफ क्लच. माझा क्लच ड्राय, त्याला थंड करायला तेल नसतं, फक्त हवा. त्यात परवरीच्या वाहतूक कोंडीची भर. वेट क्लच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे उष्णता जास्त सोसतो. फोक्सवॅगनने 2003 मध्ये रस्त्यावर आणलेला सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे त्यांचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स, तसाच होता. मात्र त्याचं तेल आणि फिल्टर 60,000 किलोमीटरला बदलावं लागतं, आणि आपल्याकडे सेकंडहँड गाडीत ते टाळलेलं हमखास सापडतं.

सिग्नलला न्यूट्रल करा, असं सगळे सांगतात. ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटतोच, त्यामुळे त्याची फार गरज नाही. घात करतं ते इंच-इंच सरकणं, आणि चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं. आता मी पुढे दोन गाड्यांची जागा होऊ देते, मगच ब्रेक सोडते. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

गाडी विकली नाही. जुना क्लच पॅक, स्कॅनचा प्रिंट आणि शिमच्या मापांसकट बिल मागून घेतलं आणि फाईलला लावलं, पॅक अर्थात गोणपाटात. जुन्या डीसीटीला गिऱ्हाईक गिअरबॉक्सच्या भीतीनेच लाखभर पाडून मागतं. माझ्याकडे निदान दाखवायला कागद आहेत.